कॉर्नर कोण घेणार? महिला हॉकी इंडिया लीगच्या दुसऱ्या हंगामाचं प्रकरण

28 डिसेंबर 2025 ला रांचीच्या मरांग गोमके जयपाल सिंग मुंडा मैदानावर महिला हॉकी इंडिया लीगचा दुसरा हंगाम सुरू होतोय. चार संघ आहेत. प्रत्येक संघ बाकीच्या तिघांशी दोनदा खेळणार, गुणतालिकेतले पहिले दोन अंतिम फेरीत जाणार आणि 10 जानेवारी 2026 ला निकाल लागणार. चौदा दिवसांत तेरा सामने, सगळे एकाच मैदानावर.

जिंकणार कोण, यावर बोलायला बरेच जण आहेत. मला या हंगामाकडे एका वेगळ्या प्रश्नासाठी पाहायचं आहे. भारतीय महिला संघ मोठ्या सामन्यांत जिथे अडतो, तिथे ही लीग त्याला पुढे नेते का? संघ नेमका कुठे अडतो हे याच मैदानावर, 19 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी, सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

ती रांचीची संध्याकाळ

पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा रांचीत होती. आठ संघांतून तिघांना तिकीट मिळणार होतं. त्याच मैदानावर दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 2023 मध्ये, भारताने जपानला 4-0 ने हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला होता. त्यामुळे घरचं मैदान, घरचे प्रेक्षक आणि ताजा विजय असं सगळं जमून आलं होतं. पहिल्याच सामन्यात अमेरिकेने 1-0 ने हरवलं. मग न्यूझीलंड आणि इटलीला हरवून गाडी रुळावर आली. उपांत्य सामन्यात जर्मनीशी 2-2 बरोबरी झाली, शूटआउटमध्ये 4-3 ने हार पत्करावी लागली. तिसऱ्या जागेसाठी पुन्हा जपान समोर. सहाव्या मिनिटाला काना उराताने पेनल्टी कॉर्नरवर (थोडक्यात कॉर्नर; बचावातल्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी) गोल केला, आणि उरलेल्या चोपन्न मिनिटांत भारताला बरोबरी साधता आली नाही.

चेंडू भारताकडे जास्त होता, प्रतिस्पर्ध्याच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, मुली पुन्हा पुन्हा शिरत होत्या, पेनल्टी कॉर्नरही एकामागून एक मिळत होते. एकही आत गेला नाही. जपानने एका कॉर्नरवर पॅरिस गाठलं. टोकियोत चौथा आलेला संघ पुढच्या ऑलिंपिकला पात्रही ठरला नाही.

टोकियोची आठवण इथे मुद्दाम काढतोय. 2 ऑगस्ट 2021 ला उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला 1-0 ने हरवलं तो गोल गुरजीत कौरचा, पेनल्टी कॉर्नरवरचा. म्हणजे भारतीय महिला हॉकीतला अलीकडचा सर्वांत मोठा विजय कॉर्नरवर मिळाला आणि सर्वांत जिव्हारी लागलेला पराभवही कॉर्नरवरच झाला. बाकी खेळ दोन्ही वेळा साधारण सारखाच होता: भरपूर धावणं, चिवट बचाव, सविताची गोलरक्षणातली भिंत.

त्या पराभवानंतर पाच आठवड्यांत प्रशिक्षक यानेके शॉपमन यांनी राजीनामा दिला. जाताना भारतात महिला प्रशिक्षक म्हणून मिळालेल्या वागणुकीबद्दल त्या उघडपणे बोलल्या होत्या. त्या पुढे पुन्हा येणार आहेत, म्हणून एवढा उल्लेख.

लीग उभी राहिली ती कशी

पुरुषांची हॉकी इंडिया लीग 2013 ते 2017 अशी पाच वर्षं चालली आणि बंद पडली. त्या पाच वर्षांत महिलांची लीग कधीच झाली नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये हॉकी इंडियाने लीग परत आणायचं जाहीर केलं तेव्हा महिलांचीही लीग पहिल्यांदा त्यात आली. आधी सहा संघांचं बोललं जात होतं. प्रत्यक्षात चार उभे राहिले: दिल्ली एसजी पायपर्स, ओडिशा वॉरियर्स, जेएसडब्ल्यू सूरमा हॉकी क्लब आणि श्राची राढ बंगाल टायगर्स. पुरुषांचे संघ आठ.

लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला चार कोटींची थैली होती, महिलांच्या संघाला दोन कोटींची. संघ चोवीस जणींचा, त्यात किमान सोळा भारतीय, या सोळांत किमान चार ज्युनियर, आणि आठ परदेशी. हिशेब केला तर महिला संघात सरासरी दर खेळाडूमागे सव्वाआठ लाखांच्या आसपास रक्कम येते, पुरुषांच्या संघात त्याच्या दुप्पट. विजेत्या महिला संघाचं बक्षीस दीड कोटी, पुरुषांचं तीन कोटी. हे अंतर आहे, आणि ते आहे असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. तरीही रेल्वेतल्या नोकरीवर आणि राष्ट्रीय शिबिराच्या भत्त्यावर वर्षं काढलेल्या मुलींसाठी हा पैसा नवा होता. दोन लाखांच्या मूळ किमतीला गेलेल्या ज्युनियर मुलीच्या घरी तो आणखीच मोठा होता.

15 ऑक्टोबर 2024 च्या महिला लिलावात सर्वांत मोठी बोली बचावपटू उदिता दुहानवर लागली. बंगालने तिच्यासाठी 32 लाख मोजले, म्हणजे थैलीचा जवळजवळ सहावा हिस्सा. दुसरी मोठी बोली 29 लाखांची. ती ओडिशाने नेदरलँड्सच्या यिबी यान्सेनवर लावली. लालरेमसियामी 25 लाखांना बंगालकडे, सुनेलिता टोप्पो 24 लाखांना आणि संगीता कुमारी 22 लाखांना दिल्लीकडे गेल्या.

यान्सेनवरची बोली जरा थांबून पाहण्यासारखी आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नऊ गोल करून ती महिलांत सर्वाधिक गोल करणारी ठरली आणि डच संघाने सुवर्ण जिंकलं. तिचं हत्यार ड्रॅगफ्लिक, म्हणजे कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलकडे फेकणं. ओडिशाच्या व्यवस्थापनाने 29 लाखांत एक खेळाडू घेतली असं कागदावर दिसतं. खरं तर त्यांनी पंधरा दिवसांच्या स्पर्धेतले सगळे पेनल्टी कॉर्नर विकत घेतले. फ्रँचायझीच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. सहा साखळी सामने, त्यांतून पहिल्या दोघांत यायचं, चुकायला वाव नाही. अशा वेळी कॉर्नर जगातल्या सर्वोत्तम फ्लिकरच्या हाती द्यायचा की शिकणाऱ्या भारतीय मुलीच्या, हा प्रश्न त्यांना पडणारच नाही.

राष्ट्रीय संघाला मात्र नेमका हाच प्रश्न पडायला हवा. प्रकरणाची गाठ इथे आहे.

पहिला हंगाम

12 जानेवारी 2025 ला पहिला सामना झाला. ओडिशाने दिल्लीला 4-0 ने हरवलं आणि लीगच्या इतिहासातला पहिला गोल यान्सेनच्या नावावर लागला. ओडिशाच्या प्रशिक्षक होत्या शॉपमन. वर्षभरापूर्वी ज्या मैदानावर त्या भारताच्या बाकावर बसून हरल्या होत्या, तिथेच त्या दुसऱ्या रंगाचा संघ घेऊन परतल्या होत्या.

26 जानेवारीच्या अंतिम सामन्यात ओडिशापुढे सूरमा होता. ओडिशाची कर्णधार नेहा गोयल, सूरमाची सलीमा टेटे. सलीमा झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली. तिथल्या गावांत जिंकणाऱ्या संघाला बकरा देतात, अशा ‘खस्सी’ स्पर्धांतून मुलामुलींच्या पिढ्या हॉकी शिकल्या आहेत. त्यामुळे मैदान रांचीचं असलं तरी प्रेक्षकांतले पुष्कळजण पंजाब-हरियाणाच्या सूरमाकडून असणार, कारण त्यांची पोर तिकडे होती.

विसाव्या मिनिटाला ओडिशाने आघाडी घेतली. गोल महाराष्ट्राच्या ऋतुजा पिसाळचा. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पेनी स्क्विबने सूरमाला बरोबरी साधून दिली. मग जवळजवळ दोन क्वार्टर कोणाचंच काही चालेना. छप्पन्नाव्या मिनिटाला, सामना शूटआउटकडे झुकलेला असताना, ऋतुजाने दुसरा गोल केला. 2-1. महिला हॉकी इंडिया लीगची पहिली विजेती ओडिशा वॉरियर्स, आणि अंतिम सामन्यातले विजेत्यांचे दोन्ही गोल लिलावात फारशी चर्चा न झालेल्या एका तरुण आघाडीपटूचे.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. लीगकडून हेच हवं असतं: मोठ्या नावांच्या सावलीत असलेल्या मुलीला निर्णायक सामन्यातली शेवटची चार मिनिटं मिळावीत, आणि त्या चार मिनिटांत काय करायचं हे तिला स्वतः ठरवावं लागावं. राष्ट्रीय शिबिरात कितीही सराव सामने खेळवले तरी ही परिस्थिती तयार करता येत नाही. त्या सप्टेंबरात आशिया चषकासाठी निवडलेल्या भारतीय संघात ऋतुजा होती.

म्हणजे मैदानी खेळात, आघाडीत, दडपणाखाली निर्णय घेण्यात लीगचा उपयोग पहिल्याच वर्षी दिसला. कॉर्नरच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.

कॉर्नर म्हणजे नेमकं काय काम आहे

टीव्हीवर पेनल्टी कॉर्नर हा एका खेळाडूचा फटका वाटतो. तो तिघींचा असतो. पहिली खेळाडू गोलरेषेवर, जवळच्या खांबापासून दहा मीटरवर उभी राहून चेंडू आत ढकलते. हा ढकललेला चेंडू डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. डीच्या टोकाशी दुसरी वाकून स्टिक आडवी धरते आणि चेंडू अडवते. तिसरी त्या थांबलेल्या चेंडूला स्टिकच्या वळणात घेऊन पुढे ओढते आणि फेकते. हीच ड्रॅगफ्लिक. बचाव करायला गोलरक्षकासह पाच जणी गोलरेषेमागे असतात, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. चेंडू निघाला की त्या पाचांतली एक थेट फ्लिकरच्या अंगावर धावत सुटते. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, गुडघ्यांवर पॅड, आणि समोरून येणारा चेंडू अंगावर घ्यायची तयारी. सगळा खेळ दोनएक सेकंदांचा.

नियमात एक बारकावा आहे आणि ड्रॅगफ्लिकचं मोल त्यात दडलेलं आहे. पहिला फटका जोरात मारलेला असेल तर गोलरेषा ओलांडताना तो गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे 460 मिलिमीटरपेक्षा, वर असून चालत नाही. फ्लिकला ही मर्यादा नाही. म्हणून फ्लिकर चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यातही टाकू शकते. तिथे पोहोचायला गोलरक्षकाला सर्वांत जास्त वेळ लागतो.

हे कौशल्य तिघींच्या सवयीवर चालतं. ढकलणारीचा वेग, अडवणारीची जागा आणि फ्लिकरचं पाऊल यांचं गणित जुळायला महिनोन्महिने लागतात. एक बदलली की तिघींचं बिघडतं. पुरुषांच्या संघात हरमनप्रीत सिंगभोवती ही रचना वर्षानुवर्षं घट्ट बसली आहे. महिला संघात गुरजीतनंतर ती पुन्हा बसवायचं काम अजून चालू आहे. ड्रॅगफ्लिकर दीपिकाकडून मोठी आशा आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजगीरच्या आशियाई चॅम्पियन्स करंडकात तिने अकरा गोल केले, चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही तिचाच. पण 2025 च्या सप्टेंबरात हांगझोच्या आशिया चषकाला दीपिका दुखापतीमुळे नव्हती. अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटाला नवनीत कौरने कॉर्नरवर गोल केला आणि नंतर चीनने चार गोल करून सामना 4-1 असा खिशात घातला. आशिया चषकासोबत विश्वचषकाचं थेट तिकीटही गेलं. एक मुलगी जायबंदी झाली की भारताची कॉर्नरची ताकद किती घटते, हे त्या स्पर्धेने दाखवलं. तिच्यामागे तीन-चार नावं तयार असायला हवी होती.

आता लीगकडे बघा. चार संघ, पहिल्या हंगामात प्रत्येकात आठ परदेशी जागा. फ्रँचायझीने या आठांत एक-दोन नामवंत फ्लिकर घेतल्या की त्या संघाचे बहुतेक कॉर्नर त्यांच्याकडे जातात. भारतीय मुली ढकलतात, अडवतात, परत उसळलेल्या चेंडूसाठी उभ्या राहतात. शेवटची ओढ त्यांच्या वाट्याला क्वचित येते. म्हणजे भारताला ज्या कामाची सर्वांत जास्त गरज, तेच काम लीगमध्ये भारतीय मुलींना सर्वांत कमी मिळण्याची शक्यता.

याची दुसरी बाजूही खरी आहे आणि ती लहान नाही. यान्सेनसारखीच्या फ्लिकसमोर पहिल्यांदा धावणारी भारतीय मुलगी जे शिकते, ते तिला दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार? गोलरक्षकांनाही तेच लागू. जपानने 2024 मध्ये एका कॉर्नरवर हरवलं, हे लक्षात घेतलं तर कॉर्नर वाचवायचा सराव हा लीगचा थेट फायदा आहे. सरावाच्या वेळी एका बाजूला जगातली सर्वोत्तम फ्लिकर शंभर चेंडू ओढताना रोज दिसणं, तिचं डावं पाऊल कुठे पडतं, कंबर कधी वळते हे जवळून पाहणं, याचीही किंमत आहे. म्हणून परदेशी फ्लिकर नकोत असं मी अजिबात म्हणणार नाही. त्या आल्याच पाहिजेत. प्रश्न एवढाच की कॉर्नर वाचवायला शिकवणारी लीग कॉर्नर मारायलाही कशी शिकवेल.

विजेत्यांचं नावच नाही

दुसऱ्या हंगामात ओडिशा वॉरियर्स हे नाव नाही. त्या जागी रांची रॉयल्स आलाय. गतविजेता संघ पुढच्याच वर्षी नावाने शिल्लक नाही, ही कुठल्याही लीगसाठी चांगली खूण नव्हे. ओडिशातल्या ज्या शाळकरी मुलीने जानेवारीत त्या संघाला आपलं मानलं, तिने आता कोणाला मानायचं? ज्या राज्याच्या सरकारने 2018 पासून राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व सांभाळलं, ज्या सुंदरगड जिल्ह्याने इतके खेळाडू दिले, त्या राज्याचा महिला संघ आज लीगमध्ये नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर रांचीला संघ मिळणं ही रास्त गोष्ट आहे. पहिल्या हंगामात सगळे सामने रांचीत आणि रांचीचा संघच नाही, अशी स्थिती होती. सिमडेगा, खुंटी, गुमला या पट्ट्यातून निक्की प्रधान, सलीमा, संगीता अशा मुली आल्या. तिथल्या प्रेक्षकाला आता स्वतःच्या नावाचा संघ आहे. मैदानाचं नाव जयपाल सिंग मुंडांचं. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते, पुढे आदिवासींचे ‘मरांग गोमके’, म्हणजे थोर नेते झाले. हा वारसा आणि हा संघ एकत्र आले तर रांची रॉयल्स टिकेल असं मला मनापासून वाटतं. पण टिकायला वेळ द्यावा लागतो. पुरुषांच्या जुन्या लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स दोन वर्षांत गेला आणि 2015 ला दबंग मुंबई आला. त्यानंतर लीगच बंद पडली. आपल्याकडच्या हॉकीप्रेमींना हे वेगळं सांगायला नको.

वेळापत्रक

या हंगामात मुलींचा जो जमाव रांचीत गोळा होतोय, तो थकलेला आहे. 2025 चं वर्ष भारतीय महिला हॉकीला कठीण गेलं. जूनमध्ये आघाडीच्या राष्ट्रीय संघांच्या प्रो लीगमध्ये संघ तळाला राहिला आणि खालच्या नेशन्स कपमध्ये गेला. सप्टेंबरात आशिया चषकाचं रौप्य मिळालं, पण विश्वचषकाचा रस्ता लांबला. सँटियागोला 13 डिसेंबरला संपलेल्या ज्युनियर विश्वचषकात भारत दहावा आला, आणि त्यातल्या मुलींना पंधरवड्याच्या आत चिलीहून येऊन लीग खेळायची आहे. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांनी वैयक्तिक कारण देऊन पद सोडलं.

पुढे मार्च 2026 मध्ये हैदराबादला विश्वचषकाची पात्रता स्पर्धा आहे. विश्वचषक ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये. सप्टेंबरात नागोयाच्या आशियाई क्रीडा स्पर्धा, आणि तिथल्या सुवर्णाबरोबर 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं तिकीट. थोडक्यात, लीग संपल्यापासून हैदराबादपर्यंत हातात दोन महिने. या दोन महिन्यांत नवा प्रशिक्षक जो संघ बांधेल, त्याला ताजी माहिती मिळणार ती याच तेरा सामन्यांतून.

म्हणून लीगचा छोटेपणा या वर्षी जास्त खुपतो. एका खेळाडूला साखळीत जास्तीत जास्त सहा सामने, म्हणजे फार तर 360 मिनिटं. बदली खेळाडू सतत आत-बाहेर होत असल्याने प्रत्यक्षात कितीतरी कमी. भरीला 3 जानेवारीपासून चेन्नईत पुरुषांची लीग सुरू होते आहे. महिलांचा शेवटचा आठवडा, जिथे अंतिम फेरीचे संघ ठरतात, तोच नेमका पुरुषांच्या पहिल्या आठवड्याशी जुळतो. संध्याकाळी टीव्ही लावणारा प्रेक्षक काय पाहील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. महिलांच्या लीगला स्वतःची तारीख हवी. पहिल्या वर्षी दोन्ही लीग एकत्र चालवणं समजण्यासारखं होतं, कारण यंत्रणा एकच होती आणि खर्च वाचवायचा होता. दुसऱ्या वर्षी निदान अंतिम सामना होईपर्यंत पुरुषांची सुरुवात पुढे ढकलता आली असती.

महाराष्ट्राचा संबंध

लीगमध्ये महाराष्ट्राचा संघ नाही, पुरुषांतही नाही. खेळाडू मात्र आहेत. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके शेतकरी कुटुंबातली, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेली. ऋतुजाबद्दल वर लिहिलंच. मार्च 2024 मध्ये पिंपरीच्या मेजर ध्यानचंद मैदानावर वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा महाराष्ट्राचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हरियाणाकडून हरला. 2024 मध्ये देशात दुसरा आलेला संघ ज्या राज्याचा, त्या राज्यात लीगचा एकही सामना होत नाही.

फ्रँचायझी उभी करायला पैसा लागतो, आणि तो कोणी घालायचा हा वेगळा विषय. पण पिंपरीच्या याच नेहरूनगरच्या मैदानावर दुसऱ्या संघांचे दोन-तीन सामने खेळवायला तेवढा पैसा लागत नाही. साताऱ्याच्या मुली एसटीने येऊन सामना पाहून रात्री घरी परतू शकतील एवढं ते जवळ आहे.

काय करता येईल

सर्वांत आधी संघ पाच-सहा करायचा आग्रह सोडावा, असं माझं मत आहे. आहेत ते चार तीन वर्षं त्याच नावाने, त्याच शहरांत टिकवावेत आणि सामने वाढवावेत. चार संघ एकमेकांशी दोनदाऐवजी तीनदा खेळले तर साखळीचे सामने बाराचे अठरा होतात, प्रत्येक मुलीला सहाऐवजी नऊ सामने मिळतात. हे तीन आठवड्यांत बसतं. नवा मालक शोधावा लागत नाही.

कॉर्नरबद्दल काही जण सुचवतात की ठरावीक कॉर्नर भारतीय खेळाडूनेच घ्यावा असा नियम करा. मला ते पटत नाही. सामन्याच्या आत अशी सक्ती आली की लीगची धार जाते, आणि ज्या दडपणासाठी लीग हवी तेच खोटं पडतं. अंतिम सामन्याच्या छप्पन्नाव्या मिनिटाला कॉर्नर सर्वोत्तम फ्लिकरनेच घ्यावा. ती फ्लिकर भारतीय असावी असं वाटत असेल तर काम लिलावात करावं लागेल. एकवीस वर्षांखालची एक भारतीय ड्रॅगफ्लिकर प्रत्येक संघाला थैलीबाहेर घेऊ द्यावी, म्हणजे दोन कोटींतून तिच्यासाठी पैसे वजा होणार नाहीत. चार संघांत चार मुली. तिच्याबरोबर ढकलणारी आणि अडवणारीही भारतीयच ठेवली तर तिघींचा सराव एकत्र होईल आणि ती तिकडी शिबिरात तशीच नेता येईल. हंगामाच्या शेवटी कॉर्नरवर सर्वाधिक गोल करणाऱ्या भारतीय खेळाडूला वेगळं बक्षीस द्यावं, ते उदयोन्मुख खेळाडूच्या बक्षिसाएवढं तरी असावं. फ्रँचायझीही मग हिशेब करतील: यान्सेनच्या बाजूला एखादी आपली मुलगी तयार केली तर पुढच्या लिलावात तिचे 29 लाख वाचतील.

आणि एक काम तर या हंगामापासून, एकही नियम न बदलता करता येईल. प्रत्येक सामन्यानंतर हॉकी इंडियाने कॉर्नरचा तक्ता जाहीर करावा: कोणी ढकलला, कोणी अडवला, कोणी ओढला, पहिली धावणारी कोण होती, चेंडू कुठे गेला. तेरा सामन्यांचे तेरा तक्ते. 11 जानेवारीला नव्या प्रशिक्षकाच्या हातात ते कागद असले, तर हैदराबादला जायच्या संघात फ्लिकर म्हणून दीपिकाच्या मागे कोणाला उभं करायचं, यावर आठवणीच्या नाही तर आकड्यांच्या आधारे बोलता येईल. ज्या मुलींच्या नावापुढे त्या तक्त्यात एकही कॉर्नर नसेल, त्यांची यादीही तितकीच कामाची ठरेल.